मदत हवी आहे : बारीक नक्षीच्या स्टेन्सिलखाली रंग पसरतोय

कोलशेतची_कोयरी

नमस्कार मंडळी,

मावसबहिणीचं लग्न मार्गशीर्षात आहे आणि रुखवतातलं कागदकाम माझ्याकडे आलंय. (आलंय म्हणजे मीच हात वर केला होता.) आहेराची ६० पाकिटं, लाडू-चिवड्याचे चार मोठे खोके आणि एक कंदील. सगळ्यावर एकच नक्षी हवी, जाळीत बसवलेली कोयरी. स्टेन्सिल ऑनलाइन मागवलं. आहे देखणं, पण काही ठिकाणी दोन भोकांमधली पट्टी शेवईएवढी आहे.

पाकिटांसाठी क्रीम रंगाचा हातकागद आणलाय. त्यावर मरून ॲक्रिलिक स्पंजाने लावला. कोयरीचं पोट स्वच्छ उठतं, पण भोवतीच्या जाळीतली भोकं एकमेकांत मिसळून नुसता डाग दिसतो. स्पंज जवळजवळ कोरडा असला तरी तेच. गंमत म्हणजे साध्या कार्डशीटवर तोच रंग, तेच स्टेन्सिल आणि तोच हात असूनही बराच नीट छाप येतो.

खोक्यांवर सोनेरी टेक्श्चर पेस्टने उठावाचं काम करायचंय. पेस्ट सुरीने सपाट ओढेपर्यंत सगळं छान. स्टेन्सिल उचललं की बारीक पट्ट्यांना चिकटून पेस्टही वर येते आणि कडेने टोकं उभी राहतात. वाळल्यावर बोटाला टोचतात.

शिवाय पाकिटांवर 'शुभाशीर्वाद' हवंय. तसं तयार स्टेन्सिल कुठे दिसलं नाही, त्यामुळे स्वतः कापावं म्हणते. मशीन नाही, साधा कटर आहे.

ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. भाद्रपद चालू आहे, टॉवेल वाळत नाहीत तिथे रंग काय वाळणार! जांभळी नाक्यावर कागद हवा तेवढा मिळाला, पण स्टेन्सिलचा ब्रश विचारला की दुकानदार रांगोळीचे छापे पुढे करतात. सामान कुठे मिळेल तेही सांगा.

नेरूळची_निवांत

कोयरी, आधी कागदाची परीक्षा घे. एका तुकड्यावर पाण्याचा थेंब टाक. थेंब काही वेळ टपोरा राहिला तर कागदाला वरून खळ दिलेली आहे. टाकल्याबरोबर शोषला गेला तर खळ नाहीच म्हणायची, आणि तसं असेल तर तू स्पंज कितीही कोरडा ठेव, कागदाचे तंतूच रंग ओढून पट्टीखाली नेणार. कार्डशीटवर नीट येतं याचं कारणही हेच. जलरंगासाठी बनवलेल्या हातकागदाला खळ असते, पिशव्या आणि पॅकिंगसाठीच्या कागदाला बहुधा नसते.

उपाय असा. स्टेन्सिल टेपने पक्कं बसव आणि त्यातून सगळ्यात आधी पारदर्शक मॅट मीडियमचा (म्हणजे बिनरंगाच्या ॲक्रिलिकचा) पातळ थर थोपट. जे काही पट्टीखाली शिरायचं ते मीडियमच शिरेल, आणि ते दिसत नाही. कडा बुजल्या की तो थर वाळू दे आणि मग त्याच जागी मरून लाव. भिंतीवर टेप लावून पट्टे काढणारे रंगारीसुद्धा हेच करतात. मीडियमऐवजी फेविकॉल पाण्यात कालवून लावायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नकोस. कागद वाकडा होतो.

आता स्पंज. त्याच्या पोटात ओल राहते आणि दाबलं की ती बाहेर येते. बारीक जाळीला तो नकोच. चपट्या डोक्याचा, आखूड केसांचा स्टेन्सिल ब्रश घे. रंग ट्यूबमधून येतो तसाच घट्ट वापर, पाण्याचा थेंबही नको. ब्रशला रंग लागला की टिश्यूवर थोपटून बहुतेक काढून टाक, ब्रश रिकामा वाटला पाहिजे. मग उभा धरून वरखाली ठोकत जा. आडवा फिरवलास तर केस पट्टीखाली घुसतात आणि पट्टी उचलली जाते. एका थरात रंग फिका दिसेल. दिसू दे, दुसरा थर द्यायचा.

स्टेन्सिलच्या पाठीला परत-परत चिकटवता येणारा स्प्रे मिळतो. तो मारून मिनिटभर थांबायचं आणि मग कागदावर टेकवायचं, म्हणजे शेवया जागच्या हलत नाहीत. साधा मास्किंग टेप हातकागदाचे तंतू उपटतो, तो आधी एकदा कापडावर चिकटवून काढ. त्याचा जोर कमी होतो.

जुना_स्क्रीनवाला

६० पाकिटं? स्क्रीन प्रिंटिंग करून घ्या. ठाण्यात लग्नपत्रिका छापणारा कोणीही करून देईल, एका दुपारचं काम. स्टेन्सिलमध्ये मधला प्रत्येक तुकडा कशाला तरी धरून ठेवावा लागतो म्हणून त्या पट्ट्या. स्क्रीनला खाली जाळीचं कापड असतं, तुकडा अधांतरी असला तरी चालतो. जपानी लोक किमोनोचं कापड रंगवायला कागदी छापे कापतात, त्यांना काटागामी म्हणतात. तुतीच्या सालीचे कागद एकावर एक चिकटवून, तेंदूच्या जातीच्या फळाचा रस पाजून टणक करायचे आणि नक्षी फारच नाजूक असेल तर मधे रेशमाचे धागे घालायचे, नाहीतर छापा हातातच विस्कटायचा. बारीक नक्षीला जाळीचा आधार लागतो हे त्यांना आधीच कळलं होतं. तुम्ही आजकालची मुलं स्पंज घेऊन बसता.

कोलशेतची_कोयरी

काका, रुखवतात छापखान्याचं काम ठेवलं तर नवऱ्याकडच्या बायका पाकीट उलटंसुलटं करून विचारतील, "हे हाताने केलंय ना?" तेव्हा मी काय सांगू?

निवांतताई, थेंब टाकला. टपोरा वगैरे काही नाही, पडला आणि गेला. म्हणजे कागदच तहानलेला आहे. मीडियम मागवते. पेस्टचं कोणी सांगेल का?

खडू_आणि_खळ

पेस्टबद्दल मी सांगतो, माझं तेच काम आहे.

स्टेन्सिल ज्या वेष्टनात आलं त्यावर लिहिलेली जाडी बघा. स्टेन्सिलची शीट मायलारची, म्हणजे पॉलिस्टरची असते आणि तिची जाडी मिलमध्ये सांगतात. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ७.५ मिल म्हणजे साधारण १९० मायक्रॉन, १० मिल म्हणजे साधारण २५० मायक्रॉन. जाड शीटमधून पेस्टचा उठाव जास्त येतो, पण भोक अरुंद आणि भिंत उंच असली की पेस्ट कागदापेक्षा भिंतीलाच जास्त धरते. तुमच्या जाळीत तेच होतंय. उठावासाठी मोठ्या भोकांचं जाड स्टेन्सिल आणि बारीक जाळीला पातळ शीट, असं साधं गणित आहे. दोन्ही एकाच शीटमधून मिळेल ही अपेक्षा सोडा. कोयरीचं पोट उठावाचं आणि जाळी नुसत्या रंगाची ठेवलीत तर दिसायलाही जास्त चांगलं दिसेल, हे माझं मत.

तरीही जाळीत पेस्ट हवीच असेल तर स्टेन्सिल एका बाजूनेच टेप लावून बिजागरीसारखं बसवा. पेस्ट मऊ हवी, सुरीवरून ओघळणार नाही पण सहज पसरेल इतपत. एकदा पसरायची आणि एकदा सुरी तिरकी धरून जादाची सगळी ओढून काढायची. पेस्ट शीटच्या पातळीच्या वर अजिबात राहता कामा नये, वर राहिलेल्याचीच टोकं होतात. पुन्हा पुन्हा घासत बसायचं नाही. लगेच मोकळ्या बाजूने सावकाश उचलायचं. फोन घ्यायला गेलात तर वर साय धरते आणि मग ती सगळी सायच उचलली जाते. उचलल्याबरोबर स्टेन्सिल पाण्याच्या ट्रेमध्ये सोडा. धुताना काचेवर सपाट ठेवून मऊ ब्रशने टिपत साफ करा. घासणी फिरवलीत तर शेवया गेल्या.

उभी राहिलेली टोकं पूर्ण वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकीच घासली की जातात. सोनेरीचा वर्ख थोडा उतरतो, तिथे बोटाने सोनेरी रंग पुसायचा.

पांढरं ॲक्रिलिक, टाल्कम पावडर आणि फेविकॉल अशी घरगुती पेस्ट मोठ्या नक्षीला चालते. बारीक भोकांत पावडरीचे गोळे अडकतात, म्हणून चाळून घेतल्याशिवाय वापरू नका.

आणि पेस्टचं काम सध्या करूच नका. दमट हवेत कागद फुगतो, टेपने बांधलेलं स्टेन्सिल मधेच उचललं जातं आणि वरून कोरडी वाटणारी पेस्ट आत ओली राहते. एकावर एक खोके रचले की चिकटलेच. नवरात्र आटोपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात काढा. तोवर कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

कात्रीबहाद्दर_वाशी

'शुभाशीर्वाद'वर कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितोय. देवनागरी स्टेन्सिलमध्ये दोन जागी घात होतो.

पहिला 'व'. त्याच्या पोटातला गोल कापला की खाली पडतो आणि छापताना 'व'चा भरीव गोळा होतो. त्याला दांड्याच्या बाजूने एक बारीक पूल ठेवायचा. वळणदार फॉन्ट घेतलास तर 'भ'ची आणि 'द'ची गाठही अशीच बंद असू शकते, कापण्याआधी पेन्सिलने तपासून घे.

दुसरी शिरोरेघ, आणि ती जास्त त्रास देते. 'भा'मध्ये दोन दांडे शेजारी उभे आहेत आणि वरून रेघ सलग कापलेली आहे. मधे जी अरुंद जीभ उरते ती फक्त खालून जोडलेली. ब्रश लागला की ती वर उचलली जाते आणि रंग खाली. 'शी' आणि 'र्वा'मध्येही तसंच. म्हणून रेघ सलग कापायचीच नाही. प्रत्येक जिभेच्या डोक्यावर दीड-दोन मिलिमीटरचा पूल ठेवायचा. छापून झाल्यावर बारीक ब्रशने पूल भरून टाक, किंवा तसेच राहू दे, मला तरी तुटक शिरोरेघ आवडते.

शीटसाठी पैसे घालवू नकोस. घरात जुने एक्स-रे असतीलच. त्यांची फिल्म पॉलिस्टरची आणि पावणेदोनशे मायक्रॉनच्या आसपास असते. ब्लीचच्या पाण्यात ठेवली की काळा थर सुटतो, हातमोजे घाल आणि खिडकी उघडी ठेव. (रद्दीवाले जुने एक्स-रे विकत घेतात ते त्या थरातल्या चांदीसाठी.) खाली अक्षरांचं प्रिंट चिकटवून अकरा नंबरच्या टोकदार पात्याने काप. आधी लहान भोकं, मोठी शेवटी, नाहीतर शीट लुळी पडते. वळणावर हात वळवायचा नाही, शीट फिरवायची. पातं बोथट झालं की लगेच बदल.

कंटाळा आला तर वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या बाजूला लेझर कटिंगवाले आहेत. फाइल नेलीस तर कापून देतील. फक्त शीट पॉलिस्टरची ने, विनाइलची नको. त्यात पीव्हीसी असतं, लेझरखाली विषारी वायू सुटतो. जाणता माणूस ते कापणारच नाही.

सामानासाठी मुंबईतली अब्दुल रहमान स्ट्रीट. मशीद बंदर स्टेशनला उतरून चालत जा. रविवारी नको, बरीच दुकानं बंद असतात.

तलावपाळीची_ताई

रांगोळीच्या छाप्यांना हसू नकोस गं. मथुरेची सांझी बघितली आहेस का? कात्रीने कापलेले कागदाचे छापे ठेवून त्यातून कोरडे रंग चाळतात, कृष्णलीलेची अख्खी चित्रं उठतात. जाळ्या तुझ्या स्टेन्सिलपेक्षा बारीक, आणि रंग कोरडा असल्यामुळे पसरायचा प्रश्नच नाही.

तुझ्या तहानलेल्या कागदाला हेच लागू कर. सॉफ्ट पेस्टलची कांडी पात्याने खरवडून भुकटी कर, मऊ ब्रशने किंवा कापसाच्या बोळ्याने स्टेन्सिलमधून गोल गोल चोळ. ओल नाही तर तंतू ओढणार काय? हातकागदाच्या खरबरीत अंगावर पेस्टल फार छान बसतं, मरूनमध्ये थोडा केशरी मिसळलास तर कोयरी उजळते. स्टेन्सिल उचलताना मात्र सरळ वर, घसटलंस की भुकटी पसरली. नंतर फिक्सेटिव्हचे (भुकटी कागदावर धरून ठेवणाऱ्या स्प्रेचे) दोन हलके फवारे, मधे वाळू देऊन.

कोलशेतची_कोयरी

तलावपाळीताई, हे आत्ताच एका तुकड्यावर करून बघितलं. जाळीतलं भोक न् भोक सुटं दिसतंय!! पण फिक्सेटिव्ह मारूनही पांढऱ्या रुमालाला किंचित मरून लागला. आहेराची पाकिटं शंभर हातांतून जाणार, वर सगळ्यांच्या पैठण्या. कोणाच्या पदराला रंग लागला तर लग्नात माझंच नाव निघेल.

नेरूळची_निवांत

मग पेस्टल कंदिलाला ठेव, त्याला कोणी हात लावत नाही. पाकिटांसाठी २५० जीएसएमच्या गुळगुळीत कार्डशीटवर पिगमेंट इंकच्या पॅडने नक्षी छाप, चौकोन काप आणि हातकागदाच्या पाकिटावर चिकटव. डाय इंक (विरघळलेल्या रंगाची शाई) कागदात मुरते, त्यापेक्षा पिगमेंट इंक (रंगाच्या बारीक कणांची शाई) कमी झिरपते, वरच राहते. चकचकीत कोटिंगचा कागद घेऊ नकोस, त्यावर ती हीट गनशिवाय वाळत नाही. फाटक्या कडांचा हातकागद चौकोनाभोवती दिसला की हाताने केलंय हे विचारायची कोणाला गरजच पडणार नाही.

खडू_आणि_खळ

खोक्यांचं एक राहिलं. खोका उभा करण्याआधी, कागद सपाट असतानाच छापा, मात्र घड्यांच्या रेघा बोथट सुईने आधीच दाबून घ्या आणि पेस्ट त्या रेघांपासून अर्धा सेंटिमीटर लांब ठेवा. घडीवर आलेली पेस्ट दुमडताना तडकते. 'शुभाशीर्वाद' थेट पाकिटावर येणार असेल तर तेही चिकटवण्याआधीच, कारण मागच्या जोडाची जाडी पुढे उमटते आणि नेमकी तिथेच स्टेन्सिलखाली फट राहते.