टेकडीवर मोकळं सोडलेलं कुत्रं अंगावर आलं, आता माझी गुंडी सगळ्यांवरच भुंकते. काय करू?

गुंडीची_आई (पुणे):
नमस्कार. गुंडी आमची ४ वर्षांची इंडी (देशी कुत्री) आहे, १८ किलो, सोसायटीच्या गेटपाशी सापडलेलं पिल्लू. रोज सकाळी सव्वासहाला आम्ही वेताळ टेकडीवर जातो, तिला मी कायम पट्ट्यात ठेवते कारण तिकडे मोर असतात आणि ती त्यांच्या मागे जाईल याची मला खात्री आहे. तीन आठवड्यांपूर्वी एक मोठा लॅब्रॅडॉर मोकळा पळत थेट आमच्यावर आला, मालक बरेच मागे, तिथूनच ओरडतायत "अहो काही करत नाही तो, फ्रेंडली आहे, सोडा तुमचीला पण". मी दोनदा म्हटलं पकडा त्याला, पण त्यांनी हाक मारली तरी तो वळला नाही. गुंडी आधी जागीच थिजली, शेपटी पोटाखाली, मग त्याने मानेवर पाय टाकला तशी हिने वळून त्याचा कान फोडला. रक्त आलं थोडं. वर मलाच ऐकवलं की असं कुत्रं घेऊन बाहेर येऊ नका, तोंडाला जाळी बांधा.

तेव्हापासून कुठलंही कुत्रं दिसलं की ही दोन पायांवर उभी राहून भुंकते, माझा खांदा दुखायला लागलाय. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर चार-पाच भटकी बसलेली असतात तिथून जायचं तर आणखी अवघड. माझं चुकतंय का काही? खरंच विचारतेय, दोन रात्री झोप नाही लागली मला.

ठाणेकर_श्वानप्रेमी:
ताई, पहिलं सांगतो, गुंडीची चूक नाही. पट्ट्यातल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, मग त्याच्याकडे एकच उपाय उरतो. जागीच थिजणं, शेपटी आत घेणं, तोंड फिरवून ओठ चाटणं हे सगळं ती "लांब राहा" असंच सांगत होती, समोरच्याने ऐकलं नाही.

आता भुंकण्याचं. माझ्या बीगलचं अगदी असंच होतं. दुसरं कुत्रं दिसलं की आपला हात नकळत आवळला जातो, पट्टा ताणला जातो, आणि कुत्र्याला वाटतं अरे आईला पण भीती वाटतेय म्हणजे नक्की काहीतरी आहे. म्हणून आधी अंतर. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे खिशात ठेवा. दुसरं कुत्रं दिसतंय पण गुंडी अजून तुमच्या हातून खातेय एवढ्या लांब उभं राहायचं, मग ते ४० फूट असो नाहीतर रस्त्याची पलीकडची बाजू. दिसलं की तुकडा, दिसेनासं झालं की तुकडे बंद. ज्या क्षणी ती खायचं सोडून टक लावून बघायला लागेल, तोंड मिटेल, मानेवरचे केस उभे राहतील, तिथे तुम्ही फार जवळ आलात असं समजायचं आणि ओढाताण न करता मागे फिरायचं. हे मागे फिरणं घरातच शिकवा, पॅसेजमध्ये चालता चालता "चल गुंडी" म्हणून वळायचं आणि वळली की खाऊ, रोज पाच मिनिटं, म्हणजे रस्त्यावर तो शब्द कानावर पडला की अंग आपोआप वळतं. समोरासमोर सरळ रेषेत कुठल्याच कुत्र्याजवळ नेऊ नका, थोडं वळसा घालून जा, कुत्री एकमेकांना भेटताना तशीच जातात.

साधा सहा फुटी पट्टा आणि छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस (छाती-पोटाभोवती बांधायचा पट्टा) घ्या. लांब होत जाणारा दोरीचा पट्टा असेल तर तो गर्दीत वापरू नका, अडकतो आणि ऐन वेळी आवरत नाही. आणि भुंकली म्हणून हिसका किंवा फटका अजिबात नाही, नाहीतर दुसरं कुत्रं दिसलं की मार बसतो एवढंच ती शिकेल.

मोगलीचा_बाबा (नाशिक):
मी त्या लॅबवाल्यांच्या जागी होतो, म्हणून लिहितोय. माझा गोल्डन रिट्रीव्हर खरंच कुणाला चावत नाही आणि मी वर्षभर हेच वाक्य बोलत सोडायचो त्याला. एकदा गंगापूर रोडला एका आजोबांच्या छोट्या पॉमेरियनवर तो खेळायला म्हणून झेपावला, पॉम घाबरून त्यांच्या पायात शिरला आणि आजोबा पडले. मनगटाला प्लास्टर लागलं. माझ्या कुत्र्याने "काहीच केलं नव्हतं". त्या दिवसापासून पट्टा. आता मोकळं पळवायचं असेल तर मित्राच्या शेतावर नेतो, तिथेही १० मीटरची दोरी लावून हाक मारली की येण्याचा सराव करून घेतला. समोर दुसरं कुत्रं असताना पहिल्या हाकेला जो येत नाही तो मोकळा सोडण्यासारखा नाही, माझं मत तरी हेच झालंय.

कायद्याचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, आपल्या ताब्यातल्या प्राण्याबद्दल हयगय केली आणि माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका झाला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ते माणसांपुरतं आहे, कुत्र्याने कुत्र्याला चावलं तर थेट लागू पडत नाही, त्यामुळे भांडत बसण्यापेक्षा दुरूनच जोरात "माझी घाबरते, पट्टा लावा" असं ओरडून सांगा. घाबरते म्हटलं की लोक जास्त ऐकतात.

नागपूरची_मेघा:
भांडण झालंच तर हात मध्ये घालू नका, कृपा करून. मी घातला होता. कोणाच्या कुत्र्याचा दात लागला ते कळलंच नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुतलं, त्याच दिवशी रेबीजचं पहिलं इंजेक्शन, मग ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, शिवाय जखमेत सीरम वेगळं. बाटलीतलं पाणी जोरात तोंडावर मारा, मोठा आवाज करा, दोघं मालक असतील तर आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून एकाच वेळी मागे ओढा. गुंडीचं रेबीजचं बूस्टर वेळेवर आहे ना ते आजच कार्डावर बघा.

गल्लीतल्या टोळीसाठी, त्यांचा कान बघा. कानाला कट असेल तर नसबंदी झालेली आहे. नसेल तर महापालिकेत कळवा, नसबंदी आणि लस करून त्याच भागात परत सोडतात. त्यांना रोज खायला घालणारं कोणी असेल तर त्यांच्याशी बोला, खायची जागा कोपऱ्यावरून थोडी आत सरकवली की टोळी पण सरकते. आमच्याकडे तसंच झालं. तोवर रस्ता बदला, त्यात कमीपणा नाही.

हॅनोव्हरहून_सुजय:
इथे जर्मनीत, लोअर सॅक्सनी राज्यात २०१३ पासून पहिल्यांदा कुत्रं पाळणाऱ्याला लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, मीही दिली, आणि कुत्र्याचा विमा पण सक्तीचा आहे. १ एप्रिल ते १५ जुलै रानात, माळावर पट्टा लागतोच, पक्ष्यांची अंडी-पिल्लं असतात म्हणून. तुमच्या मोरांवरून आठवलं. पण मला सगळ्यात आवडली ती लोकांची सवय, समोरचं कुत्रं पट्ट्यात दिसलं की बरेच जण काही न बोलता आपलंही जवळ घेतात. टेकडीवर रोज येणाऱ्या दहा जणांनी ठरवलं तरी होईल हे.

गुंडीची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं. बूस्टर पुढच्या महिन्यात होतं, उद्याच जाते व्हेटकडे. आज चिकन घेऊन कॅनॉलच्या बाजूला गेलो, लांबून एक पग दिसला, तिने बघितलं आणि खाल्लंही, भुंकली नाही. एकच शंका, हार्नेस किती घट्ट हवा? तिच्या काखेत घासतो.

ठाणेकर_श्वानप्रेमी:
दोन बोटं आत सरकली पाहिजेत. पोटाखालचा पट्टा पुढच्या पायांच्या मागे चार बोटं येऊ दे, काखेला लागता कामा नये. दुकानात गुंडीलाच घेऊन जा आणि घालून दहा पावलं चालवून बघा.