व्हीएमसीचं काम येतं, डिप्लोमा नाही. नोकरीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी भोसरीत व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटर-चालित मशीनवर, सेटर (पार्ट मशीनवर लावून माप जुळवणारा) कम प्रोग्रामर आहे. शिक्षण बारावी कॉमर्स. वडिलांचं काम सुटलं तेव्हा एका शेडमध्ये हेल्पर म्हणून लागलो. चिप्स (धातूचा कीस) काढणं, जॉब म्हणजे मशीनवरचा पार्ट पुसणं असं चालायचं. तिथल्या सेटरने जेवणाच्या सुट्टीत बसवून ड्रॉइंग वाचायला शिकवलं, पुढचं मशीनवरच शिकलो. आज फॅनुक आणि सिमेन्स दोन्ही मेकचे कंट्रोल (मशीनचे कॉम्प्युटर) येतात, मास्टरकॅम सॉफ्टवेअरवर प्रोग्राम काढतो. नवीन जॉब आला की फिक्स्चर (जॉबची पकड), डेटम (जिथून मापं घ्यायची तो आधार), टूलचा क्रम ठरवून पहिला पीस ओके करून देणं हे माझंच काम असतं.

अडचण अशी. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत सेटरची जागा निघाली. जाहिरातीत डिप्लोमा मेकॅनिकल लिहिलं होतं, पण तिथले एक सुपरवायझर ओळखीचे, ते म्हणाले टेस्ट तर दे. ॲल्युमिनियमचं हाउसिंग होतं, त्यात ३२ एच७ चा बोअर. म्हणजे ३२ मिलिमीटरचं भोक, माप वर २५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालतं, खाली अजिबात नाही. मी पहिला कट मुद्दाम लहान ठेवला, बोअर गेजने मोजलं, बोअरिंग बार (भोक मोठं करणारं टूल) तेवढाच सरकवला आणि दुसऱ्या कटला माप आणलं. प्रॉडक्शनच्या साहेबांनी स्वतः गेज लावून बघितलं आणि कधीपासून येणार असं विचारलं. नंतर एचआरमध्ये कागदपत्रं मागितली. डिप्लोमाचं वर्ष भरल्याशिवाय फॉर्म पुढेच सरकत नव्हता. ‘आमच्या हातात नाही’ म्हणाले आणि परत पाठवलं. हे मनाला फार लागलं. काम जमलं नसतं तर वाईट वाटलं नसतं.

काका म्हणतात, मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. कर. एक एजंट मागच्या तारखेचा डिप्लोमा मिळवून देतो म्हणतो. मला तसलं काही नको. घर माझ्या पगारावर चालतं आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे दिवसाचं कॉलेज शक्य नाही. नोकरी न सोडता मिळेल आणि एचआर मान्य करेल असा कोणता कागद आहे? आणि डिप्लोमाशिवाय सेटर घेणाऱ्या जागा कुठे शोधू? या वाटेने गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

दादा, मी ऑटो पार्ट्सच्या कंपनीत भरती बघते. एजंटचा नंबर आजच ब्लॉक करा. डिप्लोमाची पडताळणी थेट तंत्रशिक्षण मंडळाकडून होते. कागद खोटा निघाला तर पाच वर्षांनीही नोकरी जाते, वर फसवणुकीचा गुन्हा.

बी.कॉम. सरकारी परीक्षांना चालेल, शॉपफ्लोअरला त्याचा उपयोग नाही. दूरस्थ इंजिनिअरिंगच्या जाहिरातींनाही भुलू नका. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेच्या मान्यतेशिवाय दिलेल्या अशा पदव्यांवर सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये कडक निकाल दिला आहे.

एक गोष्ट मात्र धरून ठेवा. अनेक कंपन्या सांगतात की ऑडिटसाठी डिप्लोमा लागतो. पण हे ऑडिट ज्या गुणवत्तेच्या मानकावर होतं, त्या आयएसओ ९००१ च्या ७.२ कलमात माणूस सक्षम असण्याचे आधार म्हणून ‘शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव’ असं आहे. ‘किंवा’ आहे, ‘आणि’ नाही. डिप्लोमाची अट कंपनीने स्वतः घातलेली असते आणि प्लांट हेडने लेखी शिफारस केली तर ती सैल होते. आमच्याकडे दोन सेटर असेच घेतले, स्किल मॅट्रिक्समध्ये (कोणाला कोणतं काम येतं त्याच्या तक्त्यात) त्यांचा अनुभव नोंदवला. तेव्हा त्या सुपरवायझरना पुन्हा भेटा आणि टेस्टचा रिपोर्ट प्रॉडक्शन हेडच्या मेलवरून एचआरला पाठवायला सांगा. पोर्टलवर अर्ज करत बसू नका, तिथे फॉर्म तुम्हाला आधीच गाळतो. भोसरी, तळवडे, चाकणमधल्या टूलरूम आणि डाय-मोल्डवाल्यांकडे, म्हणजे साचे बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, थेट जा. तिथे मालक स्वतः मशीनजवळ उभा असतो.

प्रतिसाद २

मी दहावी पास, तुमच्यासारखाच मशीनवर शिकलेलो. नोकरी करत आयटीआयचं सर्टिफिकेट काढलं. फार जणांना माहीत नसतं, पण अनुभवी कामगाराला आयटीआयच्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसता येतं. संबंधित ट्रेडमधला किमान ३ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तुमच्यासाठी मशिनिस्ट ट्रेड बघा, दहावीला गणित-विज्ञान असेल तर. औंधच्या सरकारी आयटीआयमध्ये जाऊन फॉर्म कधी सुटतात ते विचारा. प्रॅक्टिकल तुम्हाला जड जाणार नाही. थिअरी आणि वर्कशॉप गणिताला मात्र बसून अभ्यास लागतो, मी रात्रपाळी संपल्यावर करायचो. आरपीएलचं (आधीच येणारं काम तपासून दिलेलं) सर्टिफिकेट लवकर मिळतं, त्याने बायोडेटा सजतो, पण आयटीआयची बरोबरी नाही. आणि दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, हेही डोक्यात ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ही खासगी उमेदवाराची वाट मला कोणीच सांगितली नव्हती. दहावीला गणित-विज्ञान होतं. पण पहिली शेड बंद झाली, मालक गावी गेले. नंतरची काही वर्षं ठेकेदाराच्या नावावर होतो. अनुभवाचं पत्र आणू कुठून?

प्रतिसाद १

तुमचा पीएफ कापला जात होता ना? यूएएनने (पीएफच्या कायमच्या नंबरने) लॉगिन करून सर्व्हिस हिस्टरी काढा. कोणत्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत, सगळं दिसतं. ठेकेदाराचं नाव असेल तर सध्याच्या कंपनीच्या लेटरहेडवर, मशीनचं आणि कंट्रोलचं नाव घालून, तुम्ही तिथे सेटर म्हणून काम करता असं पत्र मागा. ते राजीनाम्याचा विषय निघायच्या आधी मागा, नंतर देताना लोक हात आखडतात. पीएफ नसेल तर ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड आणि पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट जोडा. शेडवाल्या मालकांचा फोन लागत असेल तर साध्या कागदावर का होईना, सहीनिशी दोन ओळी घेऊन ठेवा.

धागाकर्ता

पीएफ होता, दोन्हीकडे. आज सेकंड शिफ्ट आहे, उद्या सकाळी औंधला जाऊन येतो आणि फॉर्मच्या तारखा इथेच लिहितो.