टर्बो इंजिनासाठी स्वतंत्र ईसीयू: निवड कशी करावी आणि ट्यूनिंग कुठून सुरू करावे?

चौथा_गिअर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या गाडीत दोन लिटरचे, चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. मोठा टर्बो, ५५० सीसीचे इंजेक्टर आणि नवा इंटरकूलर बसवून झाला असून बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) एक बारपर्यंत नेण्याचा विचार आहे. सध्या कंपनीच्याच ईसीयूला (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) पिगीबॅक जोडला आहे. मोठ्या इंजेक्टरमधून जास्त पेट्रोल जाऊ नये म्हणून तो एअरफ्लो मीटरचा सिग्नल कमी करून पुढे पाठवतो. आयडलिंग स्थिर आहे आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरवर हवा-पेट्रोलचे मिश्रणही योग्य दिसते, परंतु तिसऱ्या गिअरमध्ये साडेतीन ते चार हजार आरपीएमच्या दरम्यान पूर्ण थ्रॉटल दिल्यास नॉकिंग (मिश्रण अनियंत्रितपणे पेटल्याचा टणटण आवाज) स्पष्ट ऐकू येते. हॉल्टेक, लिंक, ईसीयूमास्टर आणि मेगास्क्वर्ट या स्वतंत्र ईसीयूंची माहिती वाचली, पण निवड कोणत्या निकषांवर करावी हे ठरत नाही. शिवाय पहिला मॅप (पेट्रोल आणि स्पार्कचे तक्ते) कोणत्या क्रमाने तयार करावा, याचेही मार्गदर्शन हवे आहे.

प्रज्वलन

सर्वप्रथम, पूर्ण थ्रॉटल देणे आजपासून थांबवा. मिश्रण योग्य असतानाही नॉकिंग होण्याचे सर्वांत संभाव्य कारण तुमच्या वर्णनातच आहे. पिगीबॅक हवेचा सिग्नल कमी करतो, तेव्हा कंपनीच्या ईसीयूला इंजिनावरचा भारच कमी आहे असे वाटते. आणि कमी भाराच्या रकान्यात स्पार्क अधिक अ‍ॅडव्हान्स, म्हणजे लवकर, दिलेला असतो. म्हणजे पेट्रोलचा हिशेब जुळतो, पण सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात जितकी हवा आहे तिला न पेलणारे टाइमिंग मिळते. वाइडबँडवर हा दोष कधीच दिसणार नाही. त्यामुळे स्वतंत्र ईसीयूचा तुमचा विचार योग्य आहे.

निवड करताना ब्रँडपेक्षा आपल्या इंजिनाची यादी आधी करा. क्रँकच्या चाकाला दात किती आहेत (३६-१, म्हणजे ३६ पैकी एक गाळलेला, ६०-२ की आणखी काही), कॅम सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे, व्हॉल्व्ह टाइमिंग बदलणारी यंत्रणा आहे का, थ्रॉटल केबलचे आहे की इलेक्ट्रॉनिक, आणि मीटर, एबीएस व इमोबिलायझर हे ईसीयूशी कॅनवरून (गाडीतील डेटाचे जाळे) बोलतात का, हे कागदावर लिहून काढा. या सर्वांना जो ईसीयू खात्रीने आधार देतो, तोच विचारात घ्यावा. तुमच्या गाडीसाठी प्लग-इन ईसीयू मिळत असेल, तर वायरिंगमधील बरेचसे धोके आपोआप टळतात. मेगास्क्वर्टमध्ये शिकायला पुष्कळ मिळते, मात्र वाचन आणि जोडणी यांसाठी वेळ देण्याची तयारी हवी. आणि एक निकष मी सर्वांत वर ठेवतो: जो ट्यूनर प्रत्यक्ष मॅप करणार आहे, त्याच्या हातात कोणते सॉफ्टवेअर बसलेले आहे?

मंदगती

क्रमाबद्दल लिहितो. इंजिन सुरू झाल्याबरोबर टाइमिंग समजा १० अंशांवर लॉक करा आणि टाइमिंग लाइटने पुलीवर तेच १० अंश दिसतात का, हे पाहा. इथे पाच अंशांची तफावत राहिली, तर पुढचा संपूर्ण स्पार्क मॅप तितकाच चुकीचा ठरतो.

त्यानंतर इंजेक्टरचा डेड टाइम. सिग्नल मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत जो वेळ जातो, तो १४ व्होल्टला साधारण एक मिलिसेकंद असतो आणि व्होल्टेज उतरले की वाढतो. आयडलिंगला एकूण पल्सच दोन-अडीच मिलिसेकंदांचा असल्यामुळे ही चूक तिथे सर्वांत मोठी दिसते. हेडलाइट आणि पंखा सुरू करताच लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचे माप) सरकत असेल, तर मॅपमधील आकडे बदलू नका. डेड टाइमचा तक्ता दुरुस्त करा.

मग व्हीई तक्ता, म्हणजे सिलिंडर हवेने किती भरतो याचा तक्ता. बूस्टशिवायच्या भागात, संथ धावेवर लॅम्ब्डा १, म्हणजे पेट्रोलसाठी १४.७ : १, हे लक्ष्य ठेवून एकेक रकाना भरा. बूस्टमध्ये शिरताना लक्ष्य हळूहळू ०.८० च्या आसपास आणा. सुरुवातीला बूस्ट केवळ वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) स्प्रिंगवर असू द्या. बूस्ट वाढवणाऱ्या सोलेनॉइडला हात शेवटी लावायचा. टाइमिंग मुद्दाम मागे ठेवून डायनोवर (शक्ती मोजणारे यंत्र) एकेक अंश पुढे घ्या. टॉर्क वाढणे थांबले की तिथेच थांबायचे, आणि त्याआधीच नॉक दिसला तर दोन-तीन अंश मागे यायचे. ५५० सीसीचे चार इंजेक्टर ८५ टक्के ड्यूटीवर (उघडे राहण्याच्या वेळेचे प्रमाण) सुमारे ३०० अश्वशक्तीपर्यंत पुरतात; त्यापुढे जायचे असेल तर आताच मोठे घ्या.

काळी_वायर

वायरिंगविषयी थोडे. सर्व सेन्सरांचे अर्थिंग परत ईसीयूच्याच सेन्सर-ग्राउंडला न्यावे, बॉडीला जोडू नये. ईसीयूचे मुख्य ग्राउंड मात्र थेट इंजिनाच्या ब्लॉकला किंवा हेडला द्यावे. क्रँक सेन्सरची वायर शील्ड असलेलीच वापरावी आणि ते शील्ड एकाच टोकाला जोडावे, अन्यथा चढ्या आरपीएमवर ईसीयूचा क्रँकशी असलेला सिंक तुटतो. एक बार बूस्टसाठी मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधील दाबाचा सेन्सर; ट्यूनिंगच्या मॅपशी संबंध नाही) तीन बारचा घ्या, कारण तो निरपेक्ष दाब मोजतो आणि तुमचा दाब दोन बारच्या वर जाणार आहे. हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरनंतर, थ्रॉटलजवळ असावा.

चौथा_गिअर

आपणा सर्वांचे आभार. पिगीबॅकचे कारण वाचून नॉकिंगचा उलगडा झाला. कंपनीचा नॉक सेन्सर नव्या ईसीयूला वापरता येईल का? इंजिनाचा बोअर ८६ मिलिमीटर आहे.

प्रज्वलन

ईसीयूला नॉक इनपुट असल्यास अवश्य वापरा. कोणती कंपनसंख्या ऐकायची, याचा अंदाज ९०० भागिले (पाय गुणिले बोअरची त्रिज्या मिलिमीटरमध्ये) या सूत्राने किलोहर्ट्‌झमध्ये मिळतो. तुमची त्रिज्या ४३, म्हणून उत्तर सुमारे ६.७ येते. तिथे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा आवाज फार मिसळत असेल, तर सुमारे दुप्पट, १३ च्या आसपास ऐकून पाहा. किती आवाजाला नॉक मानायचे, त्या उंबरठ्याचा आकडा मात्र सूत्रातून मिळत नाही. टाइमिंग बरेच मागे आणि बूस्ट कमी ठेवून, गरम इंजिनावर प्रत्येक आरपीएमचा मूळ आवाज लॉग करा आणि उंबरठा त्या रेषेच्या थोडा वर ठेवा. ट्यूनिंगच्या दिवशी नॉक ऐकण्याचे हेडफोन कानाला असू द्या. लॉगमधील उसळी आणि कानाला आलेला टणत्कार एकाच क्षणी जुळले, म्हणजे सेटिंग विश्वासार्ह मानायला हरकत नाही.