आंब्याच्या वेबसाईटवर नक्की काय काय ठेवायचं? सल्ला हवाय

देवगडची_बाग
नमस्कार मंडळी. आमची देवगडजवळ हापूसची बाग आहे, २०० च्या आसपास कलमं. वडील बघतात, मी दोन वर्षांपासून पूर्णवेळ त्यांच्यासोबत. आधी सगळा माल वाशीच्या घाऊक बाजारात जायचा आणि दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) येईपर्यंत भाव काय लागला तेच कळायचं नाही, म्हणून गेल्या सीझनला थेट गिऱ्हाईकाला पेट्या पाठवायला लागलो, पुण्या-मुंबईत मिळून १८० गेल्या, सगळं व्हॉट्सॲपवर. आता वेबसाईट करायचीये. एका डेव्हलपरने ४५ हजार सांगितलेत, त्यात होम, आमच्याविषयी, गॅलरी, ब्लॉग, शॉपिंग कार्ट, पेमेंट गेटवे सगळं आलं. मार्चच्या शेवटी आंबा सुरू होईल त्यामुळे वेळ कमी आहे. यातली कोणती पानं ठेवू, कोणती काढू?

वेबवाला_कोल्हापूर
दादा, मी स्वतः लहान धंद्यांच्या साईट करतो, आठ वर्षं झाली. पानांचं नंतर बघू. आधी हे ठरवा की एक माणूस साईटवर आला, दोन मिनिटं थांबला आणि गेला, तर त्या दोन मिनिटांत त्याने काय केलं म्हणजे तुमचे पैसे वसूल झाले? फोन केला? बुकिंग केलं? की नुसता विश्वास बसला आणि पेटी नंतर घेतली? तिन्हीची साईट वेगवेगळी होते.
माझ्याकडे एक फर्निचरवाले आले होते, आधीच्या साईटवर दोनशे फोटो, आणि येणारा प्रत्येक फोन एकच, "आमच्या मापात करून मिळेल का?" ते साईटवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. आम्ही ती एक ओळ आणि माप पाठवायचा फॉर्म वर घेतला, बाकी बहुतेक फोटो काढून टाकले.
तुमच्याकडे तर गेल्या सीझनचे चॅट आहेत, याहून चांगला माल कुठे मिळणार. बसा आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा.

रत्नागिरीची_ताई
कार्ट लावू नका असं मी तरी सांगेन, आम्ही लावली होती. लोक १० एप्रिलची पेटी बुक करून पूर्ण पैसे भरून मोकळे, आणि त्या वर्षी पाऊस पडला, तोड लांबली, फळ तयारच नाही. पैसे परत केले तर गेटवेने कापलेलं कमिशन आमच्याच अंगावर आलं, आणि लोकांचे फोन वेगळे. आंबा म्हणजे गोडाऊनमध्ये ठेवलेलं साबण नाही हो, तो झाडावर आहे. तुम्हाला हवाय तो बुकिंगचा फॉर्म, थोडा ॲडव्हान्स, आणि "तोड झाली की कळवू".
दुसरं म्हणजे विश्वास. कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकला जातो हे आता गिऱ्हाईकाला माहीत आहे. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, पण बागायतदाराने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तरच त्याला ते नाव वापरता येतं. केली असेल तर नंबर पहिल्या पानावर टाका, नसेल तर आधी ते करा.

पुण्याची_गिऱ्हाईक
मी फक्त घेणारी, तरी बोलते. मला चार गोष्टी लागतात: पेटीत किती डझन आणि फळ केवढं, घरी कधी पोचेल, तयार की कच्चा, आणि आत साका (गर पांढरट, स्पंजासारखा) निघाला तर तुम्ही काय करणार. ही शेवटची गोष्ट कोणीच लिहीत नाही. जो लिहील त्याच्याकडून मी डोळे मिटून घेईन.

देवगडची_बाग
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आई आणि मी वही घेऊन बसलो. एकूण ११२ माणसं निघाली. पहिला प्रश्न भाव विचारणारे ४७, कधी मिळेल आणि तयार आहे का विचारणारे ३९, पिकवायला कार्बाईड लावता का १५, खराब निघाला तर काय ११. बागेचे फोटो मागणारा एकही नाही, आणि मी गॅलरीसाठी फोटोग्राफर शोधत होतो! आणखी एक, २६ जणांनी शेवटी लिहिलंय "पुढच्या वर्षी आधी कळवा", आणि आम्ही त्यांचे नंबर वेगळे लिहूनच ठेवले नव्हते. ते वाचून फार वाईट वाटलं.
मग आम्ही ठरवलं की साईटचं काम एकच, सीझनआधी बुकिंगची यादी जमवणं. एक पान. वर या आठवड्याची तोड, खाली भाव, मग भाताच्या गवतात आढी (आंबे पिकवायला रचून ठेवणं) कशी घालतो त्याचे दोन फोटो, फळ बदलून द्यायचा नियम, फॉर्म. फक्त वडील म्हणतात भाव उघड लिहू नको, तो रोज बदलतो, आणि वाशीचे लोकही बघतील.

वेबवाला_कोल्हापूर
एवढ्याला ४५ हजार लागत नाहीत, परत बोला डेव्हलपरशी. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्याच ईमेलवर घ्या, हे पक्कं. आणि तोडीची ओळ व भाव तुम्हाला बागेत उभं राहून मोबाईलवरून बदलता आला पाहिजे, हे त्यांच्याकडून आधीच करून घ्या.

रत्नागिरीची_ताई
भावाचं, आम्ही लिहितो. "या रविवारपर्यंतचा भाव" असं तारखेसकट. मे मध्ये भाव उतरतो तेव्हा आधी घेतलेले भांडत नाहीत, कारण तारीख समोर असते. वडिलांना सांगा, वाशीवाल्यांना तुमचा भाव तसाही कळतोच, ११२ लोकांकडे गेलाय तो.

देवगडची_बाग
तारखेची गोष्ट त्यांना पटली ताई. उद्या डेव्हलपरला वहीचं ते पान दाखवायला नेतोय.