मिलचं हानी-तत्त्व आणि काठावरचा बघ्या

काठावरून
इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या 'ऑन लिबर्टी'तलं (१८५९) हानी-तत्त्व सगळीकडे एका ओळीत सांगतात: दुसऱ्याची हानी टाळण्यासाठीच व्यक्तीवर सक्ती करावी. मग कुणी बुडताना एखादा काठावर नुसता बघत राहिला, तर त्याने हानी केली का? ढकललं तर नाही. मिलच्या हिशेबाने तो मोकळाच सुटतो ना? आणि आपला कायदा काय म्हणतो?

तर्कटी
सुटत नाही. त्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण शेवटपर्यंत वाचा. काही केल्यानेच नव्हे, काही न केल्यानेही माणूस दुसऱ्याचं वाईट करतो आणि दोन्हींचा जाब त्याला द्यावा लागतो, असं मिल तिथे म्हणतो. सक्तीने करून घेता येतील अशा गोष्टींत त्याने कोर्टात साक्ष देणं, देशाच्या संरक्षणात वाटा उचलणं आणि कुणाचा जीव वाचवणंही धरलंय.

मात्र तो पारडी समान ठेवत नाही. केलेल्या वाइटाचा जाब हा नियम, न रोखलेल्याचा जाब हा अपवाद. म्हणून तिथे सक्ती फार जपून वापरायची. परीक्षेच्या उत्तरांत हा दुसरा भाग हमखास गळतो आणि मिल म्हणजे 'मला काय त्याचं' म्हणणारा माणूस होऊन बसतो.

कलम३२
आपल्याकडचा धागा भारतीय दंडसंहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेपर्यंत जातो. त्या १८३७च्या मसुद्याला जोडलेल्या टिपणांत नेमका हाच प्रश्न आहे, तोही नदीचाच. नदीला पूर आलाय हे माहीत असून एकाने वाटसरूला सांगितलं नाही आणि वाटसरू बुडाला. सांगायला मुद्दाम नेमलेला माणूस असेल किंवा ठरवून घेतलेला वाटाड्या असेल, आणि त्याने जाणूनबुजून तोंड मिटलं असेल, तर तो खून. माणुसकीपलीकडे काही नातं नसेल तर नाही.

कारणही तो देतो: रेषा कुठे ओढणार? अमुक शस्त्रक्रिया देशात एकाच सर्जनला येते, म्हणून त्याने कलकत्त्याहून मेरठला गेलंच पाहिजे का?

१८६०च्या संहितेत हाच विचार उतरला. कलम ३२प्रमाणे 'कृती'त बेकायदा अकृतीही येते, पण ती बेकायदा ठरायला आधी कायद्याने बांधलेलं कर्तव्य हवं (कलम ४३). १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी हा सांगाडा तोच आहे. आई-बाप, तुरुंगाधिकारी, पगारी जीवरक्षक अडकतात. अनोळखी बघ्या नाही.

रस्त्यावर थोडं वेगळं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अपघातातल्या वाहनाच्या चालकावर जखमीला उपचार मिळवून देण्याचं बंधन घालतं. २०१९च्या दुरुस्तीतलं १३४-अ मदतीला धावणाऱ्याला संरक्षण देतं, न धावणाऱ्याला शिक्षा नाही. डॉक्टरांचं बंधन परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं: पोलिसांचे सोपस्कार नंतर, आधी जीव. आणि कुणी संविधानाचं मूलभूत कर्तव्यांचं कलम ५१-अ पुढे करण्याआधीच सांगतो, ती कर्तव्यं मोडली म्हणून थेट शिक्षा होत नाही.

काठावरून
पण फ्रान्समध्ये बघ्यालाही शिक्षा होते ना? तिथे ही रेषा कशी ओढली?

तर्कटी
मेकॉलेचा सर्जन तिथे अडकत नाही, कारण मागणीच तोकडी ठेवलीय. फ्रेंच दंडसंहितेचं कलम २२३-६: स्वतःला किंवा तिसऱ्याला धोका न होता, स्वतः हात देऊन किंवा इतरांना बोलावून मदत करता येत असताना जाणूनबुजून न करणं. शिक्षा पाच वर्षं कैद आणि ७५,००० युरोपर्यंत दंड. म्हणजे पोहता न येणाऱ्याने उडी मारावी असं कुणी म्हणत नाही; फोन न करणं हा गुन्हा. जर्मनीत ३२३-क कलमाखाली जास्तीत जास्त एक वर्ष.

दोन्हीकडे शिक्षा मदत न केल्याची आहे, मृत्यूची नव्हे. हे वेगळं ठेवलं नाही की काठावरच्या पन्नास जणांपैकी नेमकं कुणामुळे तो मेला, हा न सुटणारा कार्यकारणाचा गुंता होतो. बघ्याला खुनात ओढू पाहणारे युक्तिवाद तिथेच अडखळतात. जर्मनीत तर पुरेशी मदत आधीच पोचली असेल, तर बाकीच्यांवर बंधन उरत नाही.