गणपतीचा प्रसाद आणि आमची चिऊ

सेक्रेटरी काका (ए-४०१): सर्व सभासदांना नमस्कार. महाप्रसादाचा मेनू आचाऱ्यांशी बोलून ठरवलाय. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर, शिरा. रोजच्या आरतीच्या प्रसादाची यादी खालच्या बोर्डावर लावली आहे. कुणाला काही सांगायचं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

चिऊची आई (बी-३०२): काका, मेनू छान आहे, बदलू नका. फक्त एक विनंती. चिऊला सीलिअॅक नावाचा आजार आहे हे काही जणांना माहीत आहे, नवीन आलेल्यांना नसेल. तिला गहू, रवा, मैदा, जव यातलं काहीही चालत नाही. आरतीनंतर मुलांच्या हातावर प्रसाद ठेवताना तिला कृपया आधी मला विचारल्याशिवाय काही देऊ नका. मी खालीच असते.

आजी (सी-१०४): अगं, प्रसादाला नाही म्हणू नये. कणभर शिरा खाल्ला तर बाप्पा काय तिला आजारी पाडणार आहे? आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

चिऊची आई (बी-३०२): आजी, तुम्ही मायेनं म्हणताय ते कळतं मला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चिऊ साडेचार वर्षांची होती तेव्हा तिचं वजन वर्षभर हललं नव्हतं. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, सारखी किरकिर. लोहाचं औषध चालू असूनही हिमोग्लोबिन वाढेना. आम्ही सगळे म्हणायचो, जेवत नाही म्हणून असं होतंय, आणि तिच्या मागे लागून दूध-पोळी भरवायचो. म्हणजे जे तिला आजारी पाडत होतं तेच मी रोज माझ्या हाताने कुस्करून देत होते. ते आठवलं की आजही माझा घास अडकतो.

मग रक्ताची तपासणी झाली, एन्डोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा कळलं. लहान आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक कोंब असतात, अन्नातला कस तेच शोषून घेतात. गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की चिऊचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं आणि ते कोंब झिजून सपाट होतात. यावर औषध नाही. गहू आयुष्यभर पूर्ण बंद, एवढाच उपाय. अर्धा बंद, सणापुरता चालू, असं नाही करता येत. तो कणभर शिराच नडतो, आजी.

मागच्या वर्षी एका घरी पूजेला अगदी प्रेमानं कुणीतरी तिला चमचाभर शिरा भरवला. तीन दिवस पोर पोट धरून झोपली होती. त्यानंतर ती आरतीला हात मागे बांधून उभी राहायला लागली, कुणी काही हातावर ठेवू नये म्हणून. सात वर्षांची आहे हो ती.

ए-२०३: ताई, राग मानू नका, पण हे ग्लुटेन-फ्री वगैरे हल्ली फार निघालंय. खरंच एवढं असतं का?

चिऊची आई (बी-३०२): राग नाही. वजन कमी करायला गहू सोडणारे वेगळे, हा आजार वेगळा. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना आधीपासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, लोक उपाशी होते, आणि त्यांच्याकडची ही आजारी मुलं मात्र सुधारायला लागली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्याआधी आयांना कारणच कळायचं नाही. आजी म्हणतात ना, आमच्या वेळी नव्हतं. असेलही आजी, फक्त 'अंगी लागत नाही' म्हणून ती मुलं गेली असतील.

आजी (सी-१०४): माझा धाकटा दीर तसाच होता गं. सहाव्या वर्षी गेला. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, खाल्लेलं अंगी लागलं नाही. त्याला हेच होतं का देव जाणे.

ए-२०३: मला खरंच माहीत नव्हतं. सॉरी ताई.

डी-५०२: माझ्या मुलाचंही हिमोग्लोबिन वाढत नाहीये. मी गहू बंद करून बघू का महिनाभर?

चिऊची आई (बी-३०२): नको, आधी बंद करू नका. गहू खाणं चालू असतानाच तपासणी करावी लागते, नाहीतर रिपोर्ट चुकीचा नॉर्मल येऊ शकतो. हिमोग्लोबिन कमी असायला कारणं पुष्कळ असतात. बालरोगतज्ज्ञांना विचारा, टीटीजी नावाची रक्ततपासणी करायची का ते तेच सांगतील. आम्हा दोघांची आणि चिऊच्या भावाचीही केली, कारण हे घराण्यात असू शकतं.

सी-३०१: ताई, माझ्याकडे गिरणीतून आणलेलं ज्वारीचं पीठ आहे. तिला भाकरी करून देऊ एक दिवस?

चिऊची आई (बी-३०२): किती गोड. पण गिरणीचं नको. तुमच्या आधी कुणीतरी गहू दळलेला असतो, तो जात्यात राहतोच. आम्ही त्यासाठी घरघंटी घेतली, आणि तीत गहू कधीच घालत नाही. तुमची ज्वारी माझ्याकडे आणा, दळून देते, मग भाकरी करा. परातही माझीच न्या.

सगळ्यात अवघड गेलं ते हिंगाचं. पुडीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. म्हणजे वरण, भाजी, कोशिंबीर, लोणचं, सगळीकडे गहू! मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत गहू, सोया सॉसमध्येसुद्धा. दोन महिने मी पाकिटं वाचत दुकानात उभी असायचे.

सेक्रेटरी काका (ए-४०१): मग महाप्रसादात तिला काय देता येईल? मूल खाली येऊन उपाशी बसणार असेल तर ते बरोबर नाही.

चिऊची आई (बी-३०२): मसालेभात देता येईल काका. आचाऱ्यांना मी तांदळाच्या पिठाचा हिंग आणि घरचा गोडा मसाला आणून देते, सगळ्या भाताला तोच घालू दे. आणि पुऱ्यांची कणीक भिजवायच्या आधी मी तिचा डबा भरून घेते. एकदा लाटणं सुरू झालं की पीठ उडतं, तोच झारा इकडेतिकडे जातो.

आजी (सी-१०४): थांब. उपासाचं तर सगळं चालेल तिला. साबुदाणा, वरई, राजगिरा. आणि ऋषिपंचमीला आपण बैलाच्या कष्टाचं खात नाही, वरईचा भात आणि ऋषीची भाजी असते. त्यात गहू नाही, हिंग नाही.

चिऊची आई (बी-३०२): हो आजी! तो दिवस आमच्या घरी सगळ्यात सोपा असतो. सगळे तिच्या ताटातलं जेवतात.

आजी (सी-१०४): आणि आरतीला पंचखाद्य. खारीक, खोबरं, खसखस, खडीसाखर, खिसमिस. खरी खिरापत तीच. शिरा रोज कशाला हवा?

सी-३०१: उकडीचे मोदक पण. फक्त आमच्याकडे उकड फाटू नये म्हणून चमचाभर मैदा घालतात. यंदा नाही घालणार.

सेक्रेटरी काका (ए-४०१): ठरलं. रोजच्या आरतीला पंचखाद्य किंवा फळं. शिरा फक्त महाप्रसादाला, तोही वेगळ्या टेबलावर, वेगळ्या डावाने. बोर्डावरची यादी उद्या बदलतो.

आजी (सी-१०४): पहिल्या दिवसाचं पंचखाद्य माझ्याकडे. खसखस भाजायला माझी कढई चालेल का गं? तिच्यात मी रवा भाजते.

चिऊची आई (बी-३०२): माझी घेऊन येते आजी. चिऊलाही आणते. खोबरं किसायला तिला फार आवडतं.

आजी (सी-१०४): ये. पाचनंतर ये, तोवर मी ओटा धुऊन ठेवते.