मायलोमामुळे किडनी निकामी झाल्यास आधी डायलिसिस की आधी केमो?

कृष्णाकाठ :
नमस्कार. माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. काही महिने त्यांची कंबर दुखत होती आणि त्यासाठी ते डायक्लोफिनॅकच्या गोळ्या घेत होते. उलट्या व धाप सुरू झाल्यावर रक्त तपासले, तेव्हा क्रिएटिनिन ७.८ आणि हिमोग्लोबिन ७.१ निघाले. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांचा आकार व्यवस्थित आहे. बोन मॅरोच्या तपासणीत मल्टिपल मायलोमाचे (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) निदान झाले असून रक्तातील मुक्त कॅपा लाइट चेनचे (या आजारात वाढणारे एक प्रथिन) प्रमाण लिटरमागे ६,००० मिलिग्रॅमच्या वर आहे. लघवीच्या साध्या तपासणीत प्रोटीन केवळ ‘ट्रेस’ होते, पण २४ तासांच्या लघवीत ते ४ ग्रॅम भरले, याचेही कोडे उलगडलेले नाही.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) याच आठवड्यात बोर्टेझोमिब हे केमोचे औषध सुरू करू म्हणतात, तर घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, आधी किडनी सावरू द्या, अंगात थोडी ताकद येऊ द्या आणि मग केमोचे पाहा. किडनी बंद असताना केमो सोसेल का, आणि डायलिसिस आता जन्मभराचे झाले का?

रक्तपेशी :
मी रक्तविकार विभागात काम करतो. वडील माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे अखेरचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच राहील. तरीही स्पष्ट सांगतो की घरचे जो क्रम सुचवत आहेत, तो या आजारात उलटा आहे.

मायलोमात बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी लाइट चेन नावाची लहान प्रथिने वारेमाप तयार करतात. किडनी ती गाळते आणि एरवी नलिकांमध्ये परत शोषूनही घेते. पण ही क्षमता संपली की उरलेल्या लाइट चेन पुढच्या भागात जाऊन युरोमोड्युलिन या किडनीच्याच प्रथिनाशी जखडतात आणि त्यांचे घट्ट साचे बनून नलिका तुंबतात. भोवती सूज येते आणि वेळेत उपाय न झाल्यास सुजेच्या जागी कायमचा व्रण राहतो. रक्तातील प्रमाण ५०० च्या वर गेल्याखेरीज सहसा असे घडत नाही. वडिलांचे ६,००० आहे. डायलिसिस युरिया, पोटॅशियम आणि साठलेले पाणी काढते, पण लाइट चेनचा कारखाना चालूच राहतो. तो केमोनेच बंद होतो, म्हणून ‘किडनी सावरल्यावर केमो’ या वाटेने गेल्यास बहुधा किडनी सावरतच नाही.

लघवीचे कोडे याच्याशीच जोडलेले आहे. साध्या तपासणीची पट्टी प्रामुख्याने अल्ब्युमिन ओळखते आणि लाइट चेन तिच्या नजरेतून निसटतात.

औषधाबद्दल भीती नको. बोर्टेझोमिबचा निचरा मुख्यतः यकृतातून होतो, त्यामुळे डायलिसिसवरील रुग्णालाही त्याची मात्रा कमी करावी लागत नाही. फक्त डायलिसिसच्या दिवशी ते डायलिसिस संपल्यावर देतात. सोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड असतेच. डॅराट्युमुमॅब या मायलोमाच्याच दुसऱ्या औषधालाही किडनीसाठी मात्रा बदलावी लागत नाही. लेनालिडोमाइड या तिसऱ्या औषधाचे मात्र तसे नाही. ते किडनीवाटे बाहेर पडते, म्हणून एरवी रोज २५ मिलिग्रॅम देतात तिथे डायलिसिसच्या रुग्णाला ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. हाडांसाठीचे झोलेड्रॉनिक ॲसिडही अशा किडनीत टाळतात.

सावली :
माझ्या सासूबाईंच्या आजारपणात शिकलेल्या गोष्टी लिहिते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीची एकही गोळी आता घरात ठेवू नका. दुखल्यास पॅरासिटामॉल किंवा डॉक्टर देतील ते औषध. सी.टी. स्कॅन सांगितला तर रंगद्रव्याचे इंजेक्शन देणार का, हे आधी विचारा. ज्या हाताने लिहीत नाहीत, त्या हाताच्या शिरा सुया टोचून खराब होऊ देऊ नका, कारण पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी हातातील शीर व धमनी जोडणे) करायची वेळ आलीच तर त्या लागतील.

भेटायला येणारी माणसे हमखास शहाळी घेऊन येतात. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि दोन डायलिसिसच्या मध्ये ते वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, तेव्हा शहाळे प्रेमाने परत पाठवा. पाणी किती प्यायचे हेही लघवी किती होते त्यावर ठरते. ‘मायलोमात भरपूर पाणी प्या’ हा सल्ला लघवी जवळपास बंद असलेल्या माणसाला लागू होत नाही.

बोर्टेझोमिबचे इंजेक्शन पोटाच्या त्वचेखाली देत असत. सासूबाईंना तळपायांत मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा लगेच सांगितल्यामुळे डॉक्टरांनी मात्रा उतरवली. नागीण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिरही होते आणि त्याची मात्रा किडनीनुसार कमी केलेली होती.

कृष्णाकाठ :
दोघांचेही मनापासून आभार. बाबांना आज पहिले इंजेक्शन मिळाले. एका परिचितांनी मोठ्या छिद्रांच्या खास फिल्टरने डायलिसिस करून लाइट चेन थेट काढता येतात असे सांगितले आहे. खर्च बराच आहे. त्यामागे लागावे का?

रक्तपेशी :
माझे मत नाही असे आहे, निदान त्यासाठी कर्ज काढून तरी नाही. कल्पना आकर्षक आहे, पण बहुतांश लाइट चेन रक्तवाहिन्यांच्या बाहेर पसरलेल्या असतात आणि रक्त साफ केले की काही तासांत त्या पुन्हा रक्तात येतात. फ्रान्समधील ‘मायर’ चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, सर्वांना बोर्टेझोमिब देऊन निम्म्यांना हा फिल्टर लावला होता. तीन महिन्यांनी डायलिसिस सुटलेल्यांचे प्रमाण ४१ टक्के विरुद्ध ३३ टक्के होते आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. सहा महिन्यांनी ते ५७ विरुद्ध ३५ टक्के झाले, त्यामुळे काही डॉक्टर अजून या उपायाच्या बाजूने आहेत. परंतु ब्रिटन व जर्मनीतील ‘युलाइट’ चाचणीत, २०१९ मध्ये, फायदा दिसलाच नाही, उलट फिल्टरच्या गटात फुप्फुसाचे संसर्ग अधिक आढळले.

जन्मभराचे का, या प्रश्नाचे उत्तरही या आकड्यांत आहे: साध्या डायलिसिसवरही तिघांपैकी एकाची सुटका तीन महिन्यांत झाली. अंदाज लवकर बांधायचा असल्यास तीन आठवड्यांनी लाइट चेन पुन्हा मोजा. त्या निम्म्याहून अधिक उतरल्या असतील तर किडनी सुधारण्याची शक्यता चांगली मानतात. अहवालातील कॅपा-लॅम्डा (लाइट चेनचे दोन प्रकार) गुणोत्तराची नेहमीची मर्यादा ०.२६ ते १.६५ असते, पण किडनी निकामी असताना ३.१ पर्यंतचे गुणोत्तर चालते, म्हणून पुढे कधी १.६५ ते ३.१ मधल्या आकड्यासमोर लाल खूण दिसली तर लगेच घाबरू नका. आणि हा नमुना दर वेळी त्याच प्रयोगशाळेत द्या, कारण निरनिराळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.